यादी मागितलीस म्हणून

नावं विचारू नकोस, श्रीरंग,
एकही लक्षात राहिलं नाही.
स्नेहलतागंजातला कोचिंग क्लासचा हॉल,
फळ्यावर अर्धवट पुसलेलं समीकरण,
त्यावर पांढरी चादर,
चादरीवर आयर्लंड.

एवढं सांगते: पाऊस आहे,
पण तो कुणाला प्रेमात पाडायला येत नाही.
वसुलीवाला येतो तसा येतो
आणि घरातले त्याला बस म्हणतात.
गोवऱ्यांसारखी माती रचून जाळतात तिकडे.

माझ्या शेजारी धारकर बसायचे.
एकतीस वर्षं टॉकीजच्या केबिनमध्ये काढली,
मग टॉकीजचं मॅरेज गार्डन झालं.
इंग्रजी वाचता यायचं नाही त्यांना,
खालच्या ओळी मी कानात मराठीत सांगायचे.
त्यांची नजर मात्र पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात.
तिथे ठिपका यायचा म्हणे, रीळ संपायच्या जरा आधी,
दुसरं मशीन सुरू करायची खूण.
आता ठिपका येत नाही.
तरी दर वीस मिनिटांनी
ते खुर्चीतून अर्धे उठायचे.

एकात दोन भाऊ शेताच्या मधोमध भिंत घालतात.
चुना नाही, गारा नाही, दगडावर नुसता दगड.
"पडून जाईल," धारकर म्हणाले.
पडली नाही.
सिनेमा संपला तरी उभी होती,
आणि रीगलच्या चौकापर्यंत
ते तिच्यावर नाराज होते.

दुसऱ्यात एक बाई
बहिणीची शवपेटी घेऊन बोटीने गावी येते.
त्या घरात चहा होतो, पुन्हा होतो, पुन्हा होतो.
फार उशिरा कळतं,
रडायचं काम त्यांनी किटलीवर सोपवलंय.

आणि तो एक, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले.
बाप त्याच्या भाषेत बोलतो,
मुलगा इंग्रजीत उत्तर देतो.
बापाच्या बोलण्याखाली ओळी येतात,
मुलाच्या येत नाहीत.
म्हणजे मुलगा जगाला कळतोच,
भाषांतर लागतं ते बापाचं,
त्याच्याच चुलीसमोर.

मी दोघांचंही मराठी करत होते.
धारकरांच्या कानात
बापलेक एकाच भाषेत भांडत होते.
"मग अडचण काय आहे?" ते म्हणाले,
"बोलून तर राहिले एकमेकांशी."

काय सांगणार?
रात्री चारूचा फोन आला.
"मम्मी, खाना हो गया?"
म्हटलं, "हो, जेवले. तू?"
"हाँ, कब का."
रोजचंच आहे. कधी अडलं नाही आमचं.
त्या रात्री मात्र फोन ठेवल्यावर
मी बराच वेळ तिच्या आवाजाखाली
ओळ शोधत होते.

त्या सिनेमात शेवटी कुणीच बोलत नाही.
बाप जाळावर मातीचा तुकडा ठेवतो,
मुलगा दाराशी बूट काढतो. की घालतो?
"काय म्हणाला?" धारकर.
"काही नाही."
"आता?"
"काहीच नाही."
मग पडदा काळा झाला
आणि ते उठले, पूर्ण उठले,
अंधारात उजवा हात पुढे करून
एक खटका शोधत,
जो तिथे नव्हता.

तर पहिला भिंतीचा बघ.
नाव सापडलं तर मलाही कळव.
घाई असेल तर नको बघूस.