हातचे नऊ

भोसरीत गुरुवारी लाईट नसते.
प्रेसच्या शेडी गप्प. लॅपटॉपमध्ये चाळीस टक्के,
तेवढ्यात हे पान संपवायचंय:
मीटरचा बोर्ड जागा होताना
कुठे काय ठेवलेलं असतं.

सुरुवातीला रॅम नसते.
म्हणजे असते, डाग देऊन बसवलेली,
पण तिला अजून कुणी हाक मारलेली नाही.
फ्लॅशमधलं वाचता येतं, त्यावर मांडता येत नाही.
चिपच्या पोटात चिमूटभर जागा,
तीत चार भांड्यांचा संसार:
घड्याळाचा वेग, सिरीयलचा बॉड,
रॅम किती आणि कुठून.
हा संसार कुठे थाटलाय तो पत्ता
आर-नऊ या रजिस्टरात.
दुसरं कुठे ठेवणार?

असं लिहून तीन परिच्छेद झाले.
टेस्टिंगचे बागवानभाई मागे उभे,
बंद चहाच्या मशीनला शिव्या देऊन आलेले.
वाचलं. म्हणाले, "अहो, हातचा म्हणा ना.
सात नि पाच बारा, दोन मांडले, हातचा एक.
पाटीवर नसतो, पण विसरलात
की सगळी बेरीज चुकली."

जुन्या छापील प्रतीत आठ आहे. आर-आठ.
पेन्सिलीने खोडून नऊ केलेत, बाजूला:
"का ते मला विचारा. र. कों."
खाली एक्स्टेंशन. तिथे आता कँटीन लागतं.
मला चार दिवस लागले:
दुसऱ्या एका कंपायलरला
आठ राखून ठेवता येत नव्हता, नऊ येत होता.
एवढंच.

कंपायलरला बजावता येतं, नऊला हात लावू नकोस.
हातानं असेम्ब्ली लिहिणाऱ्याला कोण बजावणार?
मागच्या महिन्यात तेजोमयने
घटकाभर नऊ उसना घेतला, सहा ओळींच्या लूपसाठी.
दोनशे बोर्ड मुके. पडद्यावर एक अक्षर नाही.
पोरगं रडायचंच बाकी होतं.
पानावर असतं, तर.

अकरा टक्के.
रॅम उठते, संसार तिकडे हलतो,
हातातला पत्ता बदलतो, हात तोच.
हेही लिहिलं.
"हातचा" ठेवलाय, रोमन अक्षरांत.
तपासणीत खोडतील बहुधा.
कारणाची ओळ तेवढी राहू द्या, असं वर टाकलंय,
आणि खाली पूर्ण नाव.
एक्स्टेंशन नाही.