अकरा शितं

स्कार्वासुंडाच्या तळाखालून बोगदा न्यायचा,
या बेटावरून त्या बेटावर, अडीच किलोमीटर.
फेरोच्या वाऱ्याने आम्हाला भोकं पाडू दिली अकरा.
शितावरून भाताची परीक्षा म्हणतात;
इथे भांडं समुद्राएवढं.

शेडमध्ये पेट्या मांडल्या.
काळा बसाल्ट, बसाल्ट, बोटभर तांबडी राख, पुन्हा बसाल्ट.
राख म्हणजे दोन उद्रेकांमधली उसंत,
तेवढ्यात तिथे गवतही आलं असेल.

मग शेजाराचं गणित.
वीस मीटरवर खडक सख्खे, ऐंशीवर चुलत,
दोनशेच्या पुढे कुणी कुणाला ओळखत नाही.
आणि शून्यावरही,
एकाच पेटीतले दोन तुकडे
पुरते जुळत नाहीत.
त्या न जुळण्याला आलेखात
आधीच जागा ठेवावी लागते.

दोन नकाशे निघतात.
पहिला सगळ्यांना हवा असतो: इथे घट्ट, इथे ठिसूळ.
तो रंगीत, ऑफिसच्या भिंतीवर.
दुसरा माझ्या फाइलीत:
माझं अज्ञान कुठे किती जाड आहे त्याचा.
सातव्या आणि आठव्या भोकामध्ये तो
जवळजवळ काळा.

आजोबा शिशाच्या वजनाला चरबी फासून दोर सोडायचे.
चिकटून आलेली वाळू जिभेवर ठेवून
होडी कुठे आहे ते सांगायचे.
दोन फेकींच्या मध्ये काय, विचारलं तर म्हणायचे,
तिथे दोर टाकला नव्हता.

मंगळवारी पहाटे, चौदाशे बारा मीटरवर,
ड्रिलचा दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.
मग पाणी. विटकरी, खारट.
माणसं सगळी बाहेर आली.
सिमेंट एकोणीस दिवस पीत राहिला तो डोंगर.

हेर्गाइर, मिशांपर्यंत चिखल, माझ्या दारात:
"मार्यून, म्हणजे तुला माहीत होतं?"
नाही. मला माहीत नाही, एवढं माहीत होतं.
"ते कुठे लिहिलंस?"
पान एकशे एक्केचाळीस.

तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी ते पान
कॉफीच्या मशीनशेजारी चिकटवलेलं,
काळ्या डागावर कुणाचातरी
तांबडा अंगठा.

मी चौदाशे बारा तक्त्यात भरलं.
आता बारा.
शेजाराची वजनं पुन्हा वाटली,
डाग थोडा पुढे सरकला.
हेर्गाइर दांडा जोडतोय, आधी तीस मीटर चाचपून बघणार आहे.