बत्तीस बोअर

मुर्तझाभाई काचेवर हिरवी मखमल अंथरतात,
सराफ अंथरतो तशी.
मग दोन पिस्तुलं ठेवतात, तोंडं भिंतीकडे.
'दोन्ही रिकामी आहेत,' म्हणतात, आणि तरी
पुन्हा एकेक उघडून दाखवतात.
कॅम्पातल्या चार दुकानांत मला हाच माणूस पटला.

डावीकडचं इच्छापूरचं, सरकारी कारखान्यातलं,
ग्रीसचा वास अजून गेलेला नाही.
उजवीकडचं परदेशी, चपटं, कडा झिजलेल्या,
वानवडीच्या कुणा कर्नलच्या बायकोनं विकायला दिलेलं.
मुलं कॅनडात.
'त्यांना बंगला हवाय, हे नकोय,' मुर्तझाभाई म्हणाले.

उचललं.
नवं पाऊण किलो भरेल. मनगट लगेच खाली गेलं.
म्हातारं हातात असं बसलं
की मला थोडी लाजच वाटली.
स्लाइड मागे ओढायची म्हणे, एका दमात.
नव्याची अर्ध्यावर अडकली.
म्हाताऱ्याची आली सरळ, रोजच्या ड्रॉवरसारखी.
माझ्या अंगठ्यात संधिवात आहे
हे मी सांगितलं नाही.

'ठेवणार कुठं, ताई?'
पुरुषांचं बरं असतं,
पट्टा असतो, वर शर्ट सोडला की झालं.
माझ्या कमरेला निऱ्या.
पर्समध्ये चष्मा, पंपाच्या चाव्या, शुगरच्या गोळ्या,
डिझेलचं पावतीपुस्तक, कधीतरी एक लिंबू.
त्यात हात घालून शोधेपर्यंत
कोयता येऊन परतसुद्धा गेलेला असेल.

लायसन्सच्या अर्जात रकाना होता: कारण.
लिहिलं, 'पंपाची रोकड रोज बँकेत नेते.'
हवालदार घरी येऊन शेजाऱ्यांना विचारून गेला,
बाई तापट आहेत का?
लोणकर वहिनी म्हणाल्या, छे हो, भाजीवाल्याशीही भांडत नाहीत.

बोपदेव घाटाच्या अलीकडे आमचा पंप.
रात्री साडेअकराला तिघं आले, तोंडाला रुमाल.
ढवळ्यांच्या दंडाला बावीस टाके पडले.
कॅमेऱ्यात मी तेवढंच बघितलं नाही.
पळता पळता त्यांतला एक थांबला,
जमिनीवर पडलेली हवेची नळी उचलली,
वेटोळं करून हुकाला अडकवली,
मग गाडीवर बसला.

तसं वेटोळं मी शिकवलं होतं.
दहावीच्या सुट्टीत, तीनशे रुपये रोजावर.
'सुजल, नळी खाली टाकायची नाही, चाक जातं.'
'हो काकू.'
इन्स्पेक्टरनं ती चित्रफीत चारदा बघितली.
त्याला नळी दिसली नाही.
मीही दाखवली नाही.

'धरून बघा,' मुर्तझाभाई म्हणाले,
'त्या कॅलेंडरवर. बोट बाहेर ठेवा,
ठरल्याशिवाय आत न्यायचं नाही.'
धरलं.
हात कॅलेंडरवर थांबेना, खाली खाली येत राहिला,
सतरा वर्षांच्या छातीच्या उंचीला आला
आणि तिथं थांबला.

'दोघांत फरक काय?' मी विचारलं.
ते म्हणाले, गोळ्या जवळपास तेवढ्याच.
जुन्याचा ट्रिगर लोण्यासारखा, बोट लागलं की झालं.
नव्याचा जड. पहिल्या गोळीला बराच जोर लागतो,
बायकांना त्रास होतो.
'किती वेळ लागतो?'
हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.
त्यांनी रिकामं पिस्तूल जमिनीकडे धरून दाबून पाहिलं,
खट्.
'एक श्वास,' म्हणाले. 'अर्धा, घाबरला असाल तर.'

नवं घेतलं.
पावती करताना त्यांनी आठवण दिली,
निवडणूक लागली की ठाण्यात जमा करावं लागतं.
'मग तेवढे दिवस काय करायचं?'
'आजपर्यंत काय करत होता?'
मी पैसे मोजले.

निघताना त्यांनी गल्ल्यातून एक रबरी चेंडू काढला.
'अंगठ्यासाठी. रोज पन्नास वेळा.'
बघितलं होतं म्हणजे त्यांनी.

आता पंपावर खुर्ची टाकून दाबते.
एकोणतीस. तीस.
हवेला नवा पोरगा ठेवलाय, मंतरवाडीचा.
नळी खालीच टाकतो.
एकतीस.
त्याला अजून मी शिकवलेलं नाही.