मीटरवाचक

वाचक आहे मी. पालिकेच्या जलखात्यातला.
बावीस वर्षं एकच मजकूर वाचतोय:
धुरकट काचेखाली काळे आकडे पाच,
शेवटी एक लाल, जो कधी बूड टेकत नाही.

चांदिवलीच्या चढावर ही इमारत आली तेव्हा
खिडक्या नाहीत म्हणून वाटलं, गोदाम असेल.
गच्चीवर कूलिंग टॉवरची रांग,
ऐन मे महिन्यात तोंडातून वाफ.
आत माणसं किती? पहारेकरी धरून एकोणीस.
आणि लाल आकडा असा फिरतो
की आकडा दिसतच नाही, नुसता रंग दिसतो.

खाली उतारावर एकशे बारा बिऱ्हाडं, जोडणी एक.
त्यांचा लाल पहाटे पाऊण तास जागा असतो.
पाणी यायच्या आधी पाइपातली हवा येते,
मीटर तीही मोजतं.
हवेचं बिल त्यांनी कधी थकवलेलं नाही.

तांडेल मॅडमनी नियम लिहायला घेतला
तेव्हा मला विचारलं. पहिल्यांदाच कुणी विचारलं.
म्हटलं, फलक लावा. गेटबाहेर. दर सोमवारी आकडा,
पंजाएवढा, माणसाच्या उंचीवर.
पुढचं त्यांनी लिहिलं: यंत्रं थंड करायला पिण्याचं पाणी नाही,
सांडपाणी शुद्ध करून वापरा;
आणि शहराला दहा टक्के कपात, तर यांनाही दहा.
पंगतीत वाढपी पाळतो तेवढंच.

मसुदा वर गेला. सात महिन्यांनी खाली आला.
'बंधनकारक' होतं तिथे 'अपेक्षित'.
'फलक' होता तिथे 'योग्य त्या माध्यमातून'.
दहाचे दहा राहिले, मागे 'शक्यतो' लावून.
मॅडमनी चष्मा पुसला.
म्हणाल्या, पागधरे, सगळं पाणी व्याकरणात मुरलं.

खोटं कशाला बोलू, मीही यांचंच गिऱ्हाईक.
आईचा शेवटचा निरोप माझ्या फोनात आहे, अकरा सेकंदांचा:
येताना चिकू आण, पण मऊ बघून.
मुलगी म्हणते, फोनात नाही हो बाबा,
कुठल्यातरी थंड खोलीत असतो तो.
कदाचित इथेच. या भिंतीपलीकडे.
खोली तापली तर आईचा आवाज जाईल?
जाऊ नये.
पण अकरा सेकंदांना पाणी किती लागतं
एवढं तरी वाचता यावं.

आज गेटवर फोन जमा केला, पेनसुद्धा.
व्यवस्थापक वेणुगोपालन, सज्जन माणूस,
सीलबंद बाटली हातात देतो:
आकडा आपल्या दोघांतच हं.

परिपत्रक तीनदा वाचलंय मी, तळटीपांसकट.
वाचकाने मनातल्या मनात वाचावं
असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

गेटबाहेर चार रिक्षा उभ्या, एक बाई भुईमूग भाजतेय.
घसा कोरडा पडलाय.
बाटली उघडत नाही.
पहिल्या काळ्यापासून सुरू करतो.