पेटी क्रमांक सात

"रिकामीच हाय की ही," म्हणतात लोक
आणि सरकतात पुढं, धामणीकडं.
धामण बरी. धामण दिसते.

उदगीरच्या सर्पालयात सात नंबरच्या काचेआड
एक वाकडी फांदी, थोडी मनीप्लँटची पानं,
आणि मी रंगवलेली पाटी:
चापडा. विषारी. झाडावर राहतो.
(राहतो लिहिलं, पण मादी आहे.
आणि ‘विषारी’तला ष जरा फुगलाय.)

कोल्हापूरकडून मांडवाचे बांबू आले ट्रकनं
त्यांच्यातच आली.
वखारीतला गफूर ओरडला,
"बांबूला डोळे फुटलेत!"
वनखात्याला पत्र दिलं, हिच्या रानात सोडा हिला.
उत्तर येतंय.
दोन उन्हाळे झाले.

गावाला नळ बाराव्या दिवशी.
मी घरून बाटली भरून आणतो
आणि सकाळ-संध्याकाळ फवारतो तिचा पावसाळा.
प्रयागा म्हणते,
"रांजण तळाला गेलाय
आन् तुमी सापाला आंघोळ घालू लालाव."
आंघोळ नाही.
ती भांड्याला तोंड लावत नाही,
स्वतःच्या वेटोळ्यावरचे थेंब
एकेक करून पिते.
मी मोजत बसत नाही. एकदा मोजले होते. एकवीस.

मागं देवणीच्या शाळेची सहल आली.
एक पोरगी काचेला नाक लावून उभी राहिली
बाकीची अजगराकडं गेली तरी.
मग हळूच म्हणाली,
"सर, पान श्वास घेऊ लालंय."
झालं. पन्नास लेकरं, शंभर तळहात,
काच धडधडली.
ती हलली नाही. फक्त शेपटीनं फांदी
आणखी घट्ट धरली.
संध्याकाळी मी फांदी वीतभर आत सरकवली.
साहेबांना सांगितलं, उन्हं येतात.

काल दुपारी लाईट गेली, कूलर बंद.
झाकण उघडून फवारा मारताना
तिनं मान वळवली.
डोळा आणि नाक यांच्या मधे खळगी असते तिला,
तिथून ऊब दिसते म्हणे.
अंधारात उंदीर म्हणजे पेटलेली चिमणी.
पण बाहेर त्रेचाळीस,
हवाच माझ्या अंगाहून तापलेली.
तिला मी कसा दिसलो असेन?
गार, काळसर काहीतरी.
विहिरीच्या तोंडासारखा.

बराच वेळ ती बघत राहिली.
चिमट्यावरचा माझा हात भिजला होता,
फवाऱ्यानं का घामानं, माहीत नाही.

काचेपलीकडून कुणीतरी विचारलं,
"आत काई हाय का ओ?"
म्हटलं, "फांदी हाय."