आतली कडी

मूळ चित्र कुठे असेल ते असो.
आमच्याकडे होतं ते त्याचं छापील पान,
चंपालाल शेटनी जळगावच्या रद्दीतून काढलेलं,
मधोमध घडी, एका जागी वाळवी.
राणीच्या राज्यातलं आहे, शेट म्हणाले,
विलायतेच्या कुठल्याशा जुन्या नाटकातला प्रवेश.
हॉटेलांना असलं चालतं.

माझा बाप, सुपडू पेंटर, अमळनेर,
तोवर ट्रकच्या पाठी रंगवायचा.
त्यानं मांजरपाट ताणला, सरस-खडूचा हात दिला,
पानावर दोऱ्याची चौकडी, कापडावर कोळशाची,
आणि घाण्यावरच्या जवसाच्या तेलाचा वास
आमच्या भाकरीलाही लागला.

चित्रात रात्र.
आरशापुढे एक बाई, केस सोडलेली.
मागे दासी, विंचरणारी.
मेणबत्ती, पलंग, पायघोळ पांढरा झगा,
उजव्या कडेला एक दार, किंचित उघडं.
आई पिठाचे हात मागे धरून बघत राहिली.
"हाई बाई झोपाले जाई ऱ्हायनी का उठी ऱ्हायनी?"
बापाला ठाऊक नव्हतं.
पहिल्या दोन नकलांत त्यानं घडीसुद्धा रंगवली,
झग्यावर गळ्यापासून घोट्यापर्यंत सरळ रेघ.
त्याही विकल्या गेल्या.

वाळवी नेमकी दासीच्या हातावर.
म्हणून आईला बसवलं स्टुलावर,
तिच्यापुढे मला, माझ्या केसांत फणी.
हालू नका, दोघींनाही.
गोंदण गाळलं, बांगड्या गाळल्या,
मनगटावरचा तव्याचा चटका तेवढा
त्याच्या ब्रशनं सोडला नाही.
सावली वाटेल, म्हणाला.

बेंडाळे सर आले ते नावाची पाटी करून घ्यायला.
कॉलेजात इंग्रजी शिकवायचे.
पाटीचं राहिलं, चित्रापुढेच उभे.
"आता हिचा नवरा येईल, सुपडू. त्या दारातून.
कान भरलेत त्याचे.
सकाळ काही ही बघत नाही."
बापानं ब्रश रॉकेलच्या डब्यात उभा केला.
"तिनी काय कयं व्हतं?"
"काही नाही."
"आन् हाई दासी?"
"तिला कळतं. पण उशिरा."

त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली देवका गेली.
पंचनाम्यात स्टोव्हचा भडका.
तिच्या रुखवताच्या हंड्यावर नाव
बापानंच घातलं होतं, वळणदार, लाल,
आणि हंडा अजून तिच्या सासूच्या मोरीत होता.

तेविसाव्या नकलेत दार बंद.
नुसतं बंद नाही, आतून कडी:
लोहार गल्लीतली, आमच्याच दाराची, जाड,
कोयंड्यात पुरती बसलेली,
तिच्यावर मेणबत्तीचा एक ठिपका सफेदा.

शेटनी पान काढून ताडून पाहिलं.
"मुळात दार उघडं आहे, सुपडू."
"दारले कडी नव्हती. आते शे."
"गिऱ्हाईक विचारेल."
"इचारू दे."
गिऱ्हाइकानं कधीच विचारलं नाही.
शेट मात्र दर नकलेमागे पंधरा रुपये कापत राहिले
आणि बाप कडी घालत राहिला.
बावीस उघड्या, अठरा बंद.
मग छापील पोस्टर आले स्वस्तात,
धबधबे, घोडे, स्वित्झर्लंड,
आणि तो पुन्हा ट्रकांकडे गेला.

परवा परीक्षेच्या ड्युटीवर शहाद्याला उतरले,
लॉजच्या जिन्यात ती.
रंग पिवळटलेला, झग्यावर पालीची घाण.
घडीची रेघ नव्हती. म्हणजे पहिल्या दोनांतली नव्हे.
मी उजवी कड शोधली.
फ्रेमवाल्यानं तिथे दोन बोटं लाकूड चढवलेलं,
दार त्याच्या आत.
"फ्रेम काढून बघू का?" मी मॅनेजरला विचारलं.
तो म्हणाला, "मॅडम, गरम पाणी सहा ते सातच."

बॅग पायरीवर ठेवून उभी राहिले.
आईचा हात स्वच्छ दिसत होता, चटक्यासकट.
अजून निम्मेच केस विंचरून झाले होते.
घाई नव्हती तिला.