जीचं शेपूट

डॉक्टर हुद्दारांची मॅचलेस,
त्रेचाळीस सालची, पलटणीच्या लिलावात सुटलेली,
टिळकवाडीच्या पोर्चमधून पहिल्या गेटापर्यंत
आम्ही चौघांनी ढकलत आणली.

बाबाजान किल्लेदारनं पोतं अंथरलं
आणि एकेक भाग उतरवत
जनगणनेवाल्यागत विचारत गेला: गाव कुठलं?

सांगाडा लंडनच्या एका टोकाचा, प्लमस्टेडचा.
मॅग्नेटो बर्मिंगहॅमचा.
कार्ब्युरेटर तिथलाच, पण दुसऱ्या कारखान्यातला.
साखळी मँचेस्टरची.
स्पीडोमीटर परत लंडनचा, उत्तरेकडचा,
काटा साठावर मेलेला.
मी म्हटलं, मग मॅचलेसवाल्यांनी केलं काय?
"गोळा केलं की. लग्नघरागत.
पातेली एकाची, जाजम दुसऱ्याचं,
कमानीवर नाव तेवढं यजमानाचं."

नंबरप्लेट खरवडली
तर कर्नाटकाखाली म्हैसूर निघालं,
म्हैसूरखाली मुंबई,
मुंबईखाली फौजेचा हिरवा,
मग नुसता पत्रा.
त्याला आम्ही काही विचारलं नाही.

गिअरबॉक्सचं झाकण तडकलेलं.
ते मात्र अस्सलच पाहिजे, डॉक्टर म्हणाले,
आणि विलायतेला पत्र गेलं.
चार महिने. कस्टमचा दंड वेगळा.
पार्सल आलं तेव्हा त्यांनी
टाके काढावेत तसा दोरा कापला.
मेणकागद, ग्रीस, आत झाकण,
झाकणाच्या पोटाला उठावाची अक्षरं:
मेड इन इंग्लंड.

इंग्लंडमधल्या जीला शेपूट नव्हतं.

मी चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर आलो.

अठ्ठ्याऐंशी साली उद्यमबागेत
मी वाळू चाळायला होतो, रोज बारा रुपये.
मोनेश्वर बडिगेर पॅटर्न करायचा,
खानापूरकडच्या सागवानात.
इंग्रजी यायचं नाही त्याला,
वेलबुट्टी कोरावी तशी अक्षरं कोरायचा, उलटसुलट बघत.
फूटपट्टी त्याची मुद्दाम खोटी,
नेहमीपेक्षा केसभर लांब इंचांची,
कारण निवताना धातू आक्रसतो.
"जाणार तेवढं आधीच धरायचं," म्हणायचा.
त्या दिवशी पटाशी घसरली.
जीचं शेपूट उडून भुशात पडलं,
जीचा सी झाला.
दोघंही गुडघ्यावर बसून शोधलं, मिळालं नाही.
मालक म्हणाले, आतल्या बाजूला कोण बघालंय? ओत.
काकवीच्या वासात दोनशे झाकणं ओतली.
खोकी मुंबईच्या कुठल्या शेठकडं गेली,
पुढचं आम्हाला माहीत नव्हतं.
नगाला अकरा रुपये.

आत आलो तर बाबाजान झाकण उजेडाला धरून उभा.
शेपूट असायला पाहिजे तिथं
त्यानं अंगठा फिरवला, माझ्याकडं बघितलं,
बोल्ट लावायला घेतले.
कानस लागली नाही.
सगळी भोकं सरळ, बोट लावलं तर बोल्ट फिरावेत अशी.
"बघितलंत? ह्याला म्हणतात ओरिजिनल,"
डॉक्टर म्हणाले.
"होय की," बाबाजान म्हणाला.
तिसऱ्या किकला गाडी खोकली, मग बोलली,
आणि समोरच्या पानटपरीवाल्यानं रेडिओ बारीक केला.

रविवारी मच्छेला गेलो.
मोनेश्वरला आता एका कानानं कमी ऐकू येतं,
चांगल्या बाजूला बसलो.
ती झाकणं आठवतात? एक विलायतेला गेलंतं.
"हौदा?"
परत आलं.
"बसलं?"
कानस न लावता बसलं.
तो बराच वेळ मनगट चोळत राहिला.
सुनेनं आणलेलं ताक तसंच निवलेलं, निवळलेलं.
मग विचारलं,
"अन् ते शेपूट? बघितलं काय कुणी?"

नाही म्हटलं.